बायकोची पापणी आणि चोवीसचा रोल

लग्नात डोळे मिटलेले. नव्या घराच्या दारात डोळे मिटलेले. समुद्रकिनाऱ्यावर तर अशी, की लाटेनं नुकतीच आणून टाकावी. पस्तीस वर्षांत घड्याळजींनी बायकोचे जेवढे फोटो काढले, तेवढ्यांत ती झोपलेली होती. स्टुडिओत जायची सोय नव्हती. "घरात वडिलांचा डबा कॅमेरा असताना परक्यानं तुझा फोटो काढायचा?" एवढं म्हणायलाही घड्याळजींना घर डोक्यावर घ्यावं लागे.

त्या रविवारी बायकोनं अल्बम त्यांच्या पुढ्यात आपटला.

"मी गेल्यावर यातला कुठला लावणार भिंतीवर? लोक म्हणतील, बाई फोटोतच गेली! आज एक तरी उघड्या डोळ्यांचा काढा, नाहीतर उद्या हा डबा भंगारात."

"रोलमध्ये फोटो बारा, तू बाराच्या बारा वेळा मिटतेस, त्याला डब्यानं काय करावं?" घड्याळजी कडाडले आणि तडक फोटोवाल्याकडे गेले.

फोटोवाल्यानं लांबलचक रोल काढून दिला. "यात चोवीस निघतील. पण नेहमीच्या रोलला पाठीशी कागद असतो, त्याचे आकडे तुम्हाला मागच्या लाल खिडकीत दिसतात. याला कागदच नाही, म्हणून तर दुप्पट मावतो. तेव्हा आकडे विसरा. खिडकीवर काळी पट्टी चिकटवा, नाहीतर उजेड थेट फिल्मवर जाईल. आणि फिल्म पुढे सारायच्या किल्लीचे वेढे मोजा. फोटोला दीड, पुढे रीळ जाड होईल तसा कमी कमी."

"मला मोजायला शिकवतोस? चाळीस वर्षं लोकांचे सेकंद सांभाळलेत मी!"

गच्चीवर भिंतीपाशी खुर्ची ठेवली. समोर स्टुलावर डबा. शेजारी बायकोचा धाकटा भाऊ, मदतीला म्हणून आलेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"तयार?" घड्याळजी ओरडले, की बायकोची पापणी खाली. खटका. दीड वेढा. "तयार?" पापणी खाली. खटका. असे आठ झाले. प्रत्येक फोटोगणिक घड्याळजींचा आवाज एकेक मजला चढत होता.

"दाजी, कितवा झाला हा?"

"मोजतोय मी! बोलू नकोस!"

"नाही, पण मागे काहीतरी चिकटलंय. आकडा दिसत नसेल तुम्हाला." आणि मेहुण्यानं भर उन्हात काळी पट्टी टर्रकन ओढली. वर लाल खिडकीला डोळा लावून म्हणतो कसा, "आत आकडाच नाही! फसवलंय तुम्हाला दुकानदारानं!"

त्यावर घड्याळजी जे ओरडले, त्यानं समोरच्या मनोऱ्यावरचं बारा वर्षं बंद पडलेलं घड्याळ एक टोला देऊन गेलं, असं त्या गल्लीतली माणसं आजही शपथेवर सांगतात.

पट्टी पुन्हा बसली. चार वेढे देऊन उजेड लागलेला भाग पुढे सारला.

"आता नीट बघ! झोपायला आलीयेस का इथे?"

"माझ्या भावावर ओरडता ते ओरडता, वर मलाही?" बायकोनं असे डोळे वटारले, की घड्याळजींचा अंगठा भीतीनंच खटक्यावर पडला.

"बघा, अजून तोंड चालूच तुमचं!" ती म्हणाली.

"ऊठ तिथून! साधं बघता येत नाही? हे असं बघायचं! असं!" घड्याळजी स्वतः खुर्चीत बसून गरजू लागले. बायको शांतपणे स्टुलापाशी गेली. "असं ना?" म्हणाली आणि खटका दाबला.

"अगं, वेढा! मधे वेढा दिलास का?"

"तुम्ही दिलात का?"

कुणीच दिला नव्हता. घड्याळजींनी उरलेला रोल रागारागानं एका दमात गुंडाळून टाकला.

चार दिवसांनी फोटोवाल्यानं पाकीट दिलं. आठ फोटोंत बायको निजलेली. नवव्यात तिच्या जागी पांढराफटक चंद्र, ती मेहुण्याची कृपा. शेवटची सगळी फिल्म कोरी. मधे एकच फोटो वेगळा उमटला होता, दोन्ही खटके एकावर एक: खुर्चीत एकच माणूस, त्याला बायकोचे सताड उघडे डोळे, आणि त्यांच्याखाली घड्याळजींचा वासलेला जबडा.

घड्याळजी पेटले. "फाडून टाक! नवीन रोल आणतो!"

बायकोनं फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला. बराच वेळ बघितला. मग स्वतःच्या हातानं खिळा ठोकून भिंतीवर लावला.

"दोघांचा एकत्र असा हा पहिलाच," ती म्हणाली. "डबा राहू द्या घरात."

"अगं, पण यात मी ओरडतोय!"

"मग? त्याशिवाय कुणी ओळखलं असतं का तुम्हाला?"