मेश्राम काका कॅम्परव्हॅन आणतात

गाडी घ्यायला जाणारा माणूस चाकं बघतो, इंजिन बघतो. आमचे लंडनमधल्या हॅरोचे शेजारी मेश्राम काका जर्मनीला कॅम्परव्हॅन, म्हणजे आत शेगडी-टॉयलेट असलेली फिरती खोली, घ्यायला निघाले ते हँडबॅगेत प्रेशर कुकर घालून. एअरपोर्टच्या तपासणीत झाकण, शिट्टी, रिंग असं सगळं ट्रेमध्ये मांडलं गेलं. काका त्या अधिकाऱ्याला वरण किती शिट्ट्यांत होतं ते समजावत होते आणि मी त्यांच्याबरोबरचा नसल्यासारखा उभा होतो.

काका मूळचे नागपूरचे, रिटायर्ड इंजिनीअर. काहीही विचारा, उत्तर एकच, "आपला अभ्यास आहे." इंग्लंडमध्ये व्हॅन मिळत नाहीत का? अभ्यास. स्टिअरिंग डावीकडे असेल त्याचं काय? तोही अभ्यास. खरी गोष्ट अशी, की पोटाच्या ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत लता काकूंनी घराचा उंबरा ओलांडणं सोडलं होतं. वर्ष होत आलं होतं. डॉक्टर म्हणायचे, ठणठणीत आहात, फिरा. काकू हो म्हणायच्या आणि सोफ्यावर बसून राहायच्या. त्यांना एकदा समुद्रावर न्यायचं, हा काकांचा ध्यास. आणि त्यासाठी काकूंना एकटं सोडून स्वारी निघाली परदेशात. हौस काकांची आणि नाव काकूंचं, असं आमच्या सगळ्या मित्रमंडळींचं मत होतं. माझं जरा जास्तच.

ब्रेमेनजवळच्या एका गावात एका आजोबांची व्हॅन विकायची होती. काकांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. आधी व्हॅनमधल्या शेगडीवर कुकर चढवला. पहिल्या शिट्टीला आजोबा घरातून पळत आले, दुसरीला आजी. काकांनी दोघांना वरणभात वाढला.

मग काका व्हॅनच्या टॉयलेटमध्ये शिरले, दार लावलं आणि मला बाहेर उभं केलं. आधी खोकले, मग नळ सोडला, मग मगातून पाणी ओतलं. दर वेळी आतून प्रश्न, "ऐकू येऊन राहिलं का?" मी म्हटलं, सगळं येतंय. काका हिरमुसले. आजोबा माझ्याकडे बघत होते आणि मी आभाळाकडे.

तरी गाडी घेतलीच. मग वाटेत दिसेल त्या हार्डवेअरच्या दुकानात थांबून फोम घ्यायचा, दाराला चिकटवायचा आणि परत परीक्षा. पाणी ओतून ऐकवण्यात आम्ही अख्खा हॉलंड पार केला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅलेला, इंग्लंडच्या बोटीच्या रांगेत मी भडकलो. एवढ्या शाही शांततेत बसायचं होतं तर हॅरोच्या घरात काय बँड वाजतो, असं विचारलं.

काका फोमचे तुकडे गोळा करत होते.

"ऑपरेशनपासून पोटाला शौचाची पिशवी आहे रे तिच्या," ते म्हणाले. "रिकामी करताना आवाज होते. एका बारशाला टॉयलेटबाहेर लाइन लागली होती, त्यात कोणीतरी हसलं. तेव्हापासून ती कुठं जात नाही."

मला माझीच लाज वाटली. डोव्हरपासून पुढे उजव्या सीटवर बसून, ओव्हरटेक करायला रस्ता मोकळा आहे का ते सांगायचं काम माझं होतं. ते मी तक्रार न करता केलं.

हॅरोला पोचलो तेव्हा काकूंनी खिडकीतून व्हॅन पाहिली आणि दारात येऊन विचारलं, ही कोणाची? काकांनी या वेळी अभ्यास सांगितला नाही. नुसतं फोम लावलेलं दार उघडून दाखवलं. काकू गाऊनवर शाल ओढून आल्या, आत गेल्या, दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर उभे. काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुखत होता. आतलं काहीच ऐकू आलं नाही.

काकू हात पुसत बाहेर आल्या. फोमवरून एकदा बोटं फिरवली.

"अहो, माझा कोट आणा," म्हणाल्या. "समुद्रावर वारा असेल."

काका धावत आत गेले आणि घाईत स्वतःचाच कोट घेऊन आले. काकूंनी तोच घातला, गुडघ्यापर्यंत आलेला, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.