बेकसूर ॲम्प्लिफायर

संध्याकाळी ताट वाजले की आमच्या गल्लीने आपापले फ्रिज बंद करावयाचे, असा हुकूम होता. हुकूम आणि ताट दोन्ही शेजारच्या व्यंकटरावांचे. हे गृहस्थ तलाठी म्हणून निवृत्त होऊन नांदेडला स्थायिक झाले. पंचनाम्याची सवय मात्र निवृत्त झाली नाही.

कारण होते एक जुने, स्पीकरसकट एकाच खोक्यातले ॲम्प्लिफायर. ते त्यांनी लातूरहून एस.टी.त मांडीवर घेऊन आणले. कंडक्टर म्हणाला, वर टाका. हे म्हणाले, “सासूला वर टाकता का तुम्ही?”

हेतू सरळ होता. पत्नी नर्मदाबाईंचे कान अधू झाले होते. कानाचे मशीन शिट्टी मारते म्हणून पेटीत पडून होते. आणि रेडिओवरचे संध्याकाळचे भजन ऐकल्यावाचून त्यांना जेवण जात नसे. स्पीकरचा खोका मोठा, म्हणजे भजन ऐकू येईल, असा व्यंकटरावांचा अंदाज.

रेडिओला ॲम्प्लिफायर लावले आणि भुंग्यासारखी घरघर सुरू झाली. भजन तिच्याखाली गाडले गेले. दुसऱ्या कोणी यंत्र उघडले असते. व्यंकटरावांनी गल्ली तपासावयास घेतली.

“यंत्र बेकसूर हाय,” ते म्हणाले. “कसूर शेजाऱ्याच्या करंटात हाय.”

देशपांडेबाईंचा मिक्सर, समोरच्या सलूनवाल्याचा ट्रिमर, सर्वांच्या जबान्या झाल्या. माझ्या फ्रिजवर विशेष संशय होता.

“भाऊसाहेब, तुमचा फ्रिज लई घुम्या हाय. पोटात काहीतरी ठेवून राहिलाय.”

“दही आहे.”

“तेच म्हणून राहिलो. आंबट हाय.”

एकदा वीज गेली आणि घरघर थांबली. “बघा!” ते विजयाने ओरडले. “सगळ्या गल्लीचाच कसूर!”

माझे दही नासले, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. “व्यंकटराव, झाकण काढा.”

“बेकसुराची झडती?”

“काढा.”

काढले. रेडिओची वायर जेथे आत शिरते, तेथील अर्थिंगची तार सुटून लोंबत होती. मान खाली घालून त्यांनी ती कथील लावून डागली. घरघर गेली. भजन इतके स्वच्छ आले की टाळ वेगळे, मृदंग वेगळा.

नर्मदाबाई खोक्यावर तळहात ठेवून बसल्या होत्या. रोज त्या अशाच बसत, मान डोलवीत, आणि नवऱ्याने खुणेने विचारले की “लई साफ येतंय” म्हणत. आज मान हलली नाही.

“बंद का केलं हो?” त्या म्हणाल्या. “भजनाची येळ झाली की.”

व्यंकटरावांनी आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले. सलूनवाला वस्तरा घेऊन रस्त्यावर आला. पण खोक्याला ती रोजची थरथर येईना; नर्मदाबाई वाट पाहत राहिल्या.

व्यंकटरावांनी बटण मागे घेतले. पक्कड उचलली आणि नुकतीच डागलेली तार उपटली. घरघर सुरू झाली, खोका तळहाताखाली थरथरू लागला. नर्मदाबाईंची बोटे खोक्यावर ताल धरू लागली.

“आलं,” त्या म्हणाल्या. “आज लई गोड गाऊन राहिलेत.”

व्यंकटरावांनी झाकण बसवले, स्क्रू आवळले आणि मला दारापर्यंत पोहोचवले.

“भाऊसाहेब, गल्लीत सांगा,” ते हळू म्हणाले. “कसूर सापडला न्हाई.”

मी तसे सांगितले.