आत्याचे दोन देश

एक देश असलेल्या माणसाला एकच देश अडवू शकतो. दोन देशवाल्याला ही सोय दुप्पट मिळते. आमच्या मेलेनाइते आत्याला टोंगा जन्माने मिळालं आणि ऑस्ट्रेलिया सिडनीत उभा जन्म म्हाताऱ्यांची सेवा करून. म्हातारपणी ती टोंगात येऊन राहिली आणि इकडे तिच्या ऑस्ट्रेलियन पासपोर्टची मुदत संपली. (ही वस्तू कपाटात नुसती ठेवली तरी नासते.)

मग तिचा धाकटा भाऊ तेविता सिडनीत वारला. आमच्यात मोठी बहीण उशाशी बसल्याशिवाय माती देत नाहीत. आत्याने मयताला द्यायच्या चटया गुंडाळल्या आणि मी तिला घेऊन विमानतळ गाठला.

तिकीट-पासपोर्ट तपासायच्या खिडकीवर आमचाच सेमीसी, आत्याचा भाचा. भाच्याने आत्यापेक्षा उंच राहायचं नाही हा आमचा रिवाज. म्हणून तो खिडकीमागे जमिनीवर बसला आणि नियम तेवढा वर येऊ लागला.

"आत्या, टोंगाच्या पासपोर्टवर जायचं तर व्हिसा लागतो."

"मग दे की मेल्या."

"तुला नाही मिळत. तू त्यांचीच नागरिक. घरच्या माणसाला व्हिसा कशाला?"

"मग घरच्या माणसाला सोड."

"घरची आहेस हे सांगणारा पासपोर्ट संपलाय ना."

नियमात खोट नव्हती, हे मान्य करायला हवं. आत्या परकी असती तर केव्हाच गेली असती. तेव्हा नागरिकत्व सोडणे हा सरळ उपाय. (अर्जाचा निकाल लागेपर्यंत मात्र नागरिकच राहावं लागतं. तातडीचा कागदही मिळतो. त्याला तीन आठवडे लागतात.)

आत्या चटयांच्या गुंडाळीवर टेकली. सेमीसी नाइलाजाने आडवा झाला.

"त्यांची म्हातारी माणसं उचलून माझी कंबर गेली," आत्या म्हणाली, "तेव्हा नाही कुणी पासपोर्ट विचारला." आणि ती रडली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. सेमीसीनेही पडल्या पडल्या डोळे पुसले, पण नियम सोडला नाही.

शेवटी भावालाच इकडे आणायचं ठरलं. तेविताचेही देश दोनच, आणि पासपोर्ट तर आत्याच्याही आधी संपलेला. पण पेटीतल्या माणसाला तू नक्की कुठला, असं दोन्हीकडे कुणी विचारलं नाही. सेमीसीने स्वतः पुढे होऊन खांदा दिला. आत्या उशाशी बसली.

तेव्हा वाचकहो, हसा खुशाल, पण आधी कपाट उघडून मुदत बघा. कंटाळा येत असेल तर राहू द्या. तेविताच्या वाटेने कुणाला परत पाठवल्याचं अजून ऐकिवात नाही.