आधी उच्चार, मग बटण

नव्या यंत्राच्या खोक्यावर छापलेल्या नावात पेन्सिलीच्या पाच बारीक उभ्या रेघा होत्या. त्यांतली चौथी दोनदा खोडून पुन्हा मारलेली होती. कोणतंही यंत्र सुरू होण्यापूर्वी साहेबांना त्याचं नाव नीट उच्चारता यावं, हे तत्त्व पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेला केव्हाच पटलं होतं. (मागच्या यंत्राच्या वेळी साहेब पाहुण्यांसमोर नावाच्या मधोमध अडकले आणि शिपाई हसला. शिपायाची बदली झाली. नाव तसंच राहिलं.) तेव्हापासून नियम एकच: आधी उच्चार, मग बटण.

यंत्राचं नाव स्पेक्ट्रोफोटोमीटर. त्याचे सहा तुकडे पडतात, यावर पाच जणांच्या समितीचं तीनच बैठकांत एकमत झालं. प्रश्न उरला जोराचा. वरिष्ठ लिपिकांच्या मते जोर पहिल्या तुकड्यावर हवा, कारण तो ज्येष्ठ. भांडारपालांनी सहाही तुकड्यांवर सारखा जोर देऊन पाहिला. त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागलं. केमिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी शब्दकोश उघडून चौथा तुकडा दाखवला होता. पण शब्दकोश समितीचा सदस्य नसल्यामुळे त्याचं मत नोंदवता आलं नाही.

बाईंना घाई होती. जुनं यंत्र भंगारात गेलं होतं. आपल्या गल्लीतल्या पाण्याचा (हेच पाणी कचेरीच्या टाकीतही येई) नमुना त्या दर सोमवारी आणत आणि शनिवारी न तपासताच ओतून देत. घरी मोठ्या जाऊबाई वाट पाहत असायच्या.

"काय गं, लागला का पाण्याचा निकाल?"

"अजून जोर ठरायचाय, ताई."

"मग पोरांना विचार की! दोघंही दिवसातून सहादा संडासला धावतायत."

अकरा बैठकांत तो शब्द ८१४ वेळा उच्चारला गेला. यंत्र शून्य वेळा सुरू झालं. घसे कोरडे पडत, म्हणून प्रत्येकापुढे टाकीच्या पाण्याचा भरलेला जग असे. बाराव्या बैठकीला तिघेच आले. उरलेल्या दोघांची पोटं बिघडली होती, त्यामुळे बहुमत सोपं झालं. साहेबांनी चौथ्या तुकड्यावर जोर देऊन नाव एका दमात पार केलं, टाळ्या घेतल्या आणि बटण दाबलं.

बाईंनी नमुना तपासला. आकडा पाहिला, पुन्हा तपासला, पुन्हा पाहिला. त्या बैठकीत परतल्या तेव्हा साहेब सगळ्यांकडून चौथ्या तुकड्याचा सराव करून घेत होते. निकाल कोणीच विचारला नाही. (हे वाचणाऱ्यांनीही एव्हाना तो शब्द मनातल्या मनात दोनदा तोडून पाहिला असेल, पाण्याची आठवण त्यांनाही आत्ताच झाली.) बाईंनी साहेबांच्या हातातला पेला काढून घेतला आणि कुठेही जोर न देता म्हणाल्या,

"हे पाणी पिऊ नका."