गाठींचं लाटणं

मिस्त्रींनी त्या दिवशी सकाळी बायकोला न विचारता मदत करायचं ठरवलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

मिस्त्री तसे भले गृहस्थ. तीस वर्षं सुतारकामात गेलेली. दाराला बारीकशी फट दिसली तरी त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. (दार शेजाऱ्याचं असलं तरीही. शेजाऱ्यांनी याबद्दल दोनदा तक्रार केली होती.) पण त्यांनी घरात मदत केली की नंतरची निस्तरानिस्तर बायकोच्या वाट्याला यायची, त्यामुळे ती बिचारी मदत मागायच्या भानगडीत पडत नसे.

बायको सहा महिने मालिश शिकत होती. साधीसुधी मालिश नव्हे. पूर्वेकडच्या लोकांचं नेमक्या जागी दाबणं आणि पश्चिमेकडच्यांचं तेल लावून रगडणं, या दोन्हींचा मेळ घातलेली, आणि तीही हातानं कमी, लाकडी साधनांनी जास्त. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर ती पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी शिकत होती. परीक्षेत एकदा नापास झाली होती. आज दुसरी संधी होती आणि तीच शेवटची. पास झाली तर सोमवारपासून मालिश केंद्रात कामाला लागणार होती. तिथं घालायचा पांढरा कोट तिनं आधीच शिवून कपाटात टांगला होता.

सकाळी ती बहिणीशी फोनवर बोलत होती. मालिश करून घ्यायला माणूस आपापला आणायचा असतो, तर बहीण येणार होती. मिस्त्री दारामागे दाढी करत होते. त्यांच्या कानावर एवढंच पडलं: "बाई फार कडक आहेत गं. गाठी सगळ्या निघाल्याच पाहिजेत. मागच्या वेळी एक राहिली, तर सरळ नापास केलं."

मिस्त्रींचा हात थांबला. गाठी? लाकडातल्या गाठींशी ज्यानं उभा जन्म झुंज दिली त्याच्या घरात, गाठी राहिल्या म्हणून बायको नापास?

बायको आंघोळीला गेल्यावर त्यांनी तिची पिशवी उघडली. पेल्यासारखं एक साधन होतं, ते ठीक होतं. मुठीचा खुंटा होता, तोही बरा होता. मग हाताला लागलं ते लाटणं. त्याच्या अंगभर ओळीनं सुपारीएवढे फुगवटे. मिस्त्रींना भरून आलं. सहा महिने माझी बायको असल्या भिकार कामावर शिकली आणि मला एका शब्दानं बोलली नाही. (ती बोलली होती. रोज जेवताना बोलायची. मिस्त्री 'हं' म्हणायचे.)

त्यांनी लाटणं शिकंज्यात धरलं, रंधा मारला, वर कानस फिरवली, पॉलिश पेपरनं घासलं आणि तेलाचा हात दिला. वीस मिनिटांत लाटणं असं गुळगुळीत झालं की माशी बसली असती तर घसरली असती. फडक्यात गुंडाळून त्यांनी ते पिशवीत परत ठेवलं.

निघताना बायकोचा चेहरा उतरला होता. मिस्त्री म्हणाले, "काही काळजी करू नकोस. आज तू पासच."

"तुम्ही असं बोललात की मला जास्त भीती वाटते," ती म्हणाली आणि गेली.

साडेदहाला तिचा फोन आला. "अहो, बहिणीची कंबर धरलीय, ती येत नाहीये. तुम्ही लगेच निघा. टेबलावर पालथं पडायचं, दुसरं काही करायचं नाही. एवढं जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

"आणि एका अर्थी बरंच झालं. तुमची पाठ म्हणजे नुसत्या गाठी. माझं गाठींचं लाटणं फिरलं की बघा कशा मोकळ्या होतात. सगळी जादू त्या लाटण्याच्या गाठींतच आहे."

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्या... मुद्दाम केलेल्या असतात?"

"मग काय आपोआप उगवतात? निघा लवकर."

समोर जमिनीवर गाठींचा भुसा पडला होता. नवीन लाटणं कातायला दोन दिवस लागले असते, हातात एक तास होता. घाबरलेला सुतार काय करेल सांगता येत नाही. त्यांनी गिऱ्हाइकाच्या कपाटाच्या चार लाकडी मुठी उचलल्या, मागच्या खिशांत कोंबल्या, स्क्रू घेतले आणि बस गाठली. तिनं पिशवी उघडायच्या आधी तिथं पोचायचं, मुठी लाटण्यावर पिळायच्या. बसमध्ये जागा असूनही ते उभे राहिले, कारण बसणं शक्यच नव्हतं. प्रत्येक थांब्यावर त्यांचा जीव खालीवर होत होता, आणि डोळ्यांपुढून तो पांढरा कोट हलत नव्हता.

पोचले तर बाई दारातच, हातात परीक्षेचा कागद. "उशीर झालाय. शर्ट काढा आणि झोपा."

"एक मिनिट, मला पिशवीत जरा..."

"झोपा."

मिस्त्री झोपले. टेबलाला तोंडासाठी भोक होतं, त्यातून फक्त फरशी दिसत होती. फरशीवर बायकोच्या चपला, पलीकडे बाईंचे काळे बूट. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. फडकं सुटलं. चपला जागच्या जागी थिजल्या. बूट जवळ आले.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

बायको हळू आवाजात म्हणाली, "माझीच चूक आहे बाई. निघताना बघून घ्यायला हवं होतं. मी कोपरानं करते."

"करा. पण गुण त्याप्रमाणेच मिळतील."

ती तिचीच चूक म्हणाली, हे ऐकून मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंग लाकडासारखं ताठलं. बायकोनं कोपर रोवला, तळव्यांनी दाबलं, ते गुळगुळीत लाटणं फिरवलं. पाठ काही केल्या ऐकेना. तिचा श्वास जड येत होता. मग तपासायला म्हणून बाईंचा हात कमरेखाली आला आणि थबकला.

"अरे बापरे. ही गाठ आहे? चांगली लिंबाएवढी आहे. इथं आणखी एक. यांना डॉक्टरकडे नेलं होतं का कधी?"

"ती मूठ आहे," भोकातून मिस्त्रींचा आवाज आला.

"काय?"

"कपाटाची. चार आहेत. गाठी मीच काढल्या, बाई. तिला काही माहीत नव्हतं. गाठी निघाल्याच पाहिजेत असं ती म्हणाली, मला वाटलं लाटण्याच्या. मी रंधा मारला. मागच्या वेळी लाटण्यापायीच नापास झाली असं वाटलं मला. तिला पास करा, मला काय ती शिक्षा द्या." आणि एवढं बोलून पन्नाशीचा तो माणूस त्या भोकात मुसमुसायला लागला.

बायकोनं त्यांच्या खिशांतून एकेक मूठ काढून बाजूला ठेवली. मग पुन्हा खांद्यांवर हात ठेवले. बोलून टाकल्यानं असेल किंवा रडल्यानं, पण अंग आता ढिलं पडलं होतं. तिचा अंगठा बरोबर जागी बसला, कोपर फिरला, वरून ते गुळगुळीत लाटणं सरसर गेलं, आणि खांद्यात तीस वर्षं रुतून बसलेलं काहीतरी कट्‌ करून सुटलं, मागोमाग पाठ आणि मानही मोकळी झाली. मिस्त्रींच्या तोंडून "आई गं" निघालं, पण सुखानं.

बाईंनी पाठ चाचपून पाहिली. दोनदा पाहिली. "हातात कसब आहे तुमच्या," त्या म्हणाल्या. "साधन नसताना हे जमलं, तर असताना काय कराल. पास."

बायको मटकन स्टुलावर बसली आणि पदरात तोंड घालून हसली की रडली ते मिस्त्रींना भोकातून कळलं नाही. ते हळूच उठून शर्ट शोधू लागले. आपल्यामुळेच ती पास झाली, असंही त्यांना मनातून वाटायला लागलं होतं.

"एक रकाना राहिला," बाई कागद पुढे घेत म्हणाल्या. "गाठी किती सापडल्या, किती निघाल्या?"

बायकोनं डोळे पुसले, मिस्त्रींकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "सहा सापडल्या, बाई. तीन पाठीत, दोन मानेत, त्या निघाल्या. सहावी डोक्यात आहे. ती माझ्या अठरा वर्षांत निघालेली नाही."

बाईंनी मिस्त्रींकडे एकदा चष्म्यावरून पाहिलं, आणि काही न विचारता तसंच लिहून घेतलं.