फोटोतला हात

दिगूकाकांनी परदेशातून पाठवलेल्या फोटोंपैकी एकही असा नाही, ज्यात त्यांचा उजवा हात कशाला ना कशाला चिकटलेला नाही. पॅरिसच्या लोखंडी मनोऱ्याला हात. चर्चच्या दगडी खांबाला हात. स्वित्झर्लंडच्या तळ्यात कोपरापर्यंत हात. एका फोटोत तर एक थोराड ठिपक्यांची गाय आणि तिच्या तोंडाशी यांचा पंजा. बाकीचे लोक फोटोत हसतात, नाहीतर दोन बोटं वर करतात. काकांचा चेहरा मात्र पासपोर्टवर असतो तसा. त्या वस्तूची राखण कुणीतरी त्यांच्यावर सोपवून गेलंय आणि अजून परत आलेलं नाही, असे उभे.

हे फोटो आमच्या तारकर्लीच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यायचे. काढायची त्यांची सून मेघना, टाकायचे काका स्वतः. खाली ओळ लिहायचे तीही जेमतेम. मनोऱ्याच्या फोटोखाली लिहिलं होतं, "लोखंड बरा आसा. रंग सुटता."

वाडीला तेवढंच हवं होतं. नाक्यावर चहाची टपरी चालवणारा पंकज जगात काही झालं तरी पहिला बोलतो. त्याने लगेच विचारलं, "काका, मनोरो पडता काय? धरून ठेयलासा तो?"

काकांचं उत्तर आलं, "धरलंय म्हणान उभो आसा."

काका पूर्वी मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. वय झाल्यावर ते काम सोडलं आणि घरामागच्या माडांत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. माणूस तसा अबोल. पण गेल्या काही वर्षांत त्यांना ही हात लावायची खोड जडली होती. मालवणच्या बाजारात सुरमईवरून हात फिरवायचे आणि न घेताच पुढे जायचे, कोळणी ओरडायच्या, "ओ काका, ता मासळी आसा, मांजर न्हय कुरवाळूक!" पाहुण्यांच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर पंजा ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. एकदा देवळाच्या ताज्या रंगवलेल्या दारावर त्यांची पाचही बोटं उमटली. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "बघूक काय, डोळे सगळ्यांकच आसत." वाडीने ठरवून टाकलं की इंजिनं सुटली आणि काकांचे हात रिकामे झाले, म्हणून हे असं.

मी त्यांच्या शेजारची. घरीच ब्लाउज शिवते. दोन्ही घरांच्या मध्ये एक तुळस आणि एक मोडका दगडी गडगा, तोही आता पायाने ओलांडता येईल इतका. काकांची बायको शेवंतीकाकी. तिला साखरेचा आजार होता आणि त्यात तिची नजर गेली होती, आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. पायांनाही सूज असायची.

मुलगा प्रसाद दुबईला नोकरीला. त्याने मे महिन्यात बायको-मुलीसकट सगळ्यांना युरोप दाखवायचं ठरवलं. आईबाबांना दोघांनाही नेणार होता. काकी म्हणाली, "माका खंय ओढतास? विमानात चढवतलास, उतरवतलास, दमतलास. हेंका न्हेया." काका म्हणाले, मी एकटा जात नाही. दोन दिवस दोघं गडग्याच्या पलीकडे भांडत होती. भांडण कसलं, काकी बोलायची आणि काका खोबरं किसायचे. शेवटी काकीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "तुमी गेलास नाय तर माका ता कसा दिसतला?"

काका गेले. काकीची सोबत म्हणून मी माझं मशीन त्यांच्या पडवीत नेऊन ठेवलं.

पहिला फोटो आला तेव्हा मी हौसेने सांगायला लागले. "काकी, मागे मोठ्ठं चर्च आहे हां, टोकदार, वर निळं आभाळ..."

काकीने मला थांबवलं. "ता ऱ्हवांदे. तेंचो हात खंय आसा?"

मी फोटो पुन्हा बघितला. "खांबावर."

"सगळो पंजो काय बोटाच?"

"सगळो पंजो."

"मगे बरा," ती म्हणाली आणि उशीला टेकून बसली. संध्याकाळी काकांचा फोन आला. काकीने तो कानाला लावला आणि मला खुणेने मशीन बंद करायला सांगितलं. पलीकडून काका बोलत होते. एरवी चार शब्दांवर न जाणारा माणूस थांबायला तयार नव्हता. "आपल्या बावीचो काठ आसा मां, तसो. पण आतसून थंड. दोपारच्या उनातव थंड. आनी खाली, माणसांचे हात लागान लागान, गुळगुळीत झालोहा. कंबरेच्या वर मगे खरखरीत. म्हणजे लोक कंबरेपर्यंतच हात लावतत."

"माझ्यासारकीच आसतली लोका," काकी म्हणाली.

मग तिने मला सांगितलं. नजर गेली त्या वर्षी काका रोज तिच्याजवळ बसून सांगायचे, आज समुद्र असा निळा, माडावर असं पिवळं ऊन. ती वैतागली. म्हणाली, "रंग सांगा नको. रंग माका ठावक आसत. हाताक कसा लागता ता सांगा." तेव्हापासून ते बाजारात जाऊन सुरमईला हात लावून यायचे आणि घरी सांगायचे. देवळाच्या दाराला हात लावला तोही तिने विचारलं होतं म्हणून, नवा रंग जाड दिलाय की पातळ. वाडीला यातलं काहीच माहीत नव्हतं. वाडीला सांगावं असं काकांना कधी वाटलं नाही.

त्यानंतरचे दिवस आमचे मोठे मजेत गेले. फोटो आला की काकीचा एकच प्रश्न, हात कुठे. बर्फाच्या डोंगरावर काका हातमोजे काढून उभे होते. मेघना रागावलेली दिसत होती. फोनवर म्हणाले, "फ्रिजातल्या बर्फासारको न्हय. भिजयलेल्या रव्यासारको. मुठीत धरलो तर आवाज करता." गाईबद्दल म्हणाले, "जीभ आपल्या गाईसारकीच खरखरीत. देश बदाललो म्हणान जीभ बदालणा नाय." काकी म्हणाली, "हात धुवा आनी मगेच जेवा." एका संग्रहालयात त्यांनी संगमरवरी बाईच्या पावलाला हात लावला आणि राखणदार धावत आला. फोटोत काका, पाऊल आणि राखणदाराचा उगारलेला हात, तिघंही आलेत. त्यावर ग्रुपवर दिवसभर दंगा चालला होता. पंकजने लिहिलं, "काकांक जामीन कोण ऱ्हवता?" काकी मात्र फोनवर विचारत होती, "पावल कसा होता ओ?"

"लागलाच नाय नीट. तेणा ओढलो माका."

"अंगठो तरी?"

"अंगठो लागलो. नख पण काढलाहा मेल्यान दगडात."

काकीने स्वतःच्या अंगठ्याच्या नखावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बघ गो, दगडात नख."

त्यांचे परतायचे दिवस जवळ आले आणि काकीला ताप भरला. आधी साधा वाटला. मग ती बोलता बोलता धापा टाकायला लागली. मालवणच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, कुडाळला न्या, आत्ताच. काकी मला म्हणाली, "तेंका सांगा नको. दोन दिसांनी येतलेच हत." मी गाडीत बसल्या बसल्या प्रसादला फोन लावला. त्याच्यामागे कसलीतरी घंटा वाजत होती आणि पोरं हसत होती. तो म्हणाला, "निघतोच आम्ही."

मिळेल त्या विमानाने ते निघाले. दवाखान्यात काकीला नळ्या लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्या वेळी काका आभाळात होते. त्यांना कुणी कळवणार तरी कसं?

गोव्याहून गाडी वाडीत शिरली तेव्हा सूर्य मावळत होता. काका उतरले. अंगात नवं परदेशी जॅकेट, मे महिन्याच्या उकाड्यात, काढायचं राहून गेलेलं. पंकजने पुढे होऊन ते त्यांच्या खांद्यावरून उतरवलं आणि स्वतःच रडायला लागला. घरासमोरच्या खळ्यात काकीला ठेवलं होतं. काका तिच्या उशाशी बसले. दोन्ही हात मांडीत. बायका म्हणाल्या, "दिगू, हात लाव रे तिका." ते नुसते बघत राहिले. शेवटी प्रसादने वाकून त्यांचा हात उचलला आणि आईच्या कपाळावर ठेवला.

"थंड," काका म्हणाले. कुणीतरी आणखी विचारील म्हणून थांबल्यासारखे थांबले. मग पुन्हा म्हणाले, "थंड आसा."

कशासारखं ते त्यांना सांगता आलं नाही.

दिवसकार्य झालं. प्रसाद म्हणाला, दुबईला चला. काका नको म्हणाले. मेघना आणि नात जाताना खूप रडल्या. ग्रुपवर काकीच्या नावाने हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि हळूहळू त्यावर पुन्हा बोटींच्या, विजेच्या, नारळाच्या भावाच्या गोष्टी सुरू झाल्या. काकांनी एकही फोटो पुन्हा टाकला नाही. पाहुण्यांसाठीच्या खोल्या बंदच ठेवल्या. बाजारात गेले तर हात मागे बांधून चालायचे. कोळणी आपणहून म्हणायच्या, "काका, बघा ओ, ताजी आसा." ते मान हलवून पुढे जायचे.

एका सकाळी ते गडगा ओलांडून माझ्या पडवीत आले. मी काज बटण करत होते. मी खुर्ची पुढे केली, पण ते जमिनीवरच बसले, भिंतीला टेकून.

"सुनंदा," ते म्हणाले, "माका सगळ्यांनी इचारल्यानी, थंय काय काय बघलास. मी सांगतंय. पण हयसरचा माका कायच म्हायत नाय."

मी सुई बाजूला ठेवली.

"मी नाय होतंय ते दिस. तू होतंस. माका सांग."

"काय सांगू काका?"

"सगळा. सकाळपासना."

कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. मी म्हटलं, "ताप यायच्या आदल्या दिवशी मी तिचे केस विंचरले. म्हणाली, घट्ट बांध गो, सैल वेणी माका म्हातारी करता."

काकांनी डोळे मिटले. "खंयचा तेल लावलंस?"

"घरचंच. खोबरेल."

"बरा केलंस. मगे?"

"मग पेज प्यायली. सोबत लोणचं मागितलं."

"खार काय फोड?"

"फोड. दात दुखतो म्हणत होती, तरी फोडच मागितली. कोय चोखत कितीतरी वेळ बसली होती. मी म्हटलं, काकी, पुरे आता, तर मला म्हणाली, तुझा काय जाता?"

काकांच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू असावं. डोळे मिटलेलेच होते, आणि मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी गालावर उतरत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"खंय बसान चोखी होती? पडवेत?"

"पायरीवर. उन्हात पाय सोडून."

"उन्हात," ते म्हणाले. "आनी मगे?"

बाहेर मासळीवाली आली, ओरडून गेली. आम्हा दोघांपैकी कुणीच उठलं नाही. मी आठवून आठवून सांगत गेले.