रूमी भट्टीची आणि राणीसाहेबांच्या डोहाळ्यांची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. जिच्या कृपेनें चुली पेटतात आणि राज्यें उभीं राहतात, तिला नमन करून, वडीलधाऱ्यांचे मुखें जैसें ऐकिलें तैसें लिहितों. शालिवाहन शके सोळाशें त्रेपन्न, विरोधकृत् नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं राज्यांत वर्तमान पसरलें कीं मैनाराणीसाहेब गरोदर आहेत. मग गडावर नगारे वाजले आणि हत्तीवरून साखर वाटिली आणि महाराजांस आनंद गगनांत मावेना. परंतु राणीसाहेबांस अन्न जाईना. मागें पहिला गर्भ टिकला नव्हता, तेणेंकरून सर्वांचे पोटीं धास्ती. मुदपाकखान्याचे मुख्य बहिरोपंत, मोठे नामांकित, त्यांणीं केशरी भात केला, सांजा केला, पुरणपोळ्या केल्या, आणि राणीसाहेबांनीं ताट पाहावें आणि तोंड फिरवावें. दुधाचा वास सोसेना, तुपाचा सोसेना. अंग वाळलें, डोळे खोल गेले, वैद्य माना हलवूं लागले.

ऐशांत एके सकाळीं वारा फिरला आणि गडाखालील पेठेंतून एक खमंग वास वर आला, आणि राणीसाहेब पलंगावर उठून बसल्या आणि बोलिल्या, "हें काय भाजतें आहे? मला भूक लागली!" महालांत एकच धांदल उडाली. दासीनें सांगितलें कीं तुर्कांच्या मुलखांतून, ज्यास रूम म्हणतात, तेथून महाराजांच्या तोफा ओतावयास आलेला याकूब रूमी पेठेंतच राहिला आहे, आणि त्याची बायको दिलारा खातून हिणें खानावळ घातली आहे. तेथें भट्टींतून होडीसारखी लांबट रोटी निघते, तिचे पोटांत पनीर आणि अंडें. वांगें कांद्यानें भरून मंद विस्तवावर इतकें मऊ करिते कीं बोटानें तुटावें. लोखंडी शिगेवर भाजलेले बकऱ्याचे कबाब, आणि त्यांवर सुमाक म्हणून तांबडी आंबट बुकणी. आंबट म्हणतांच राणीसाहेबांचे तोंडास पाणी सुटलें.

मग महाराजांनीं स्वार दौडविला. स्वार रोटी घेऊन आला, परंतु चढ मोठा, रोटी चामड्यासारखी जाहली. राणीसाहेबांनीं एक घास घेतला आणि ताट सारिलें. तेव्हां बहिरोपंत पुढें होऊन बोलिले, "त्यांत काय आहे? वांगेंच ना? मी करितों." आणि त्यांणीं वांग्यांत गूळ घातला, दाण्याचें कूट घातलें, काळा मसाला घातला, आणि राणीसाहेबांस वास येतांच उमासे आले. पंत मुदपाकखान्यांत जाऊन पाटावर बसले.

मग दिलारा खातून हीस गडावर बोलाविलें. बाई थोराड, लालबुंद, हातावर भाजल्याचे डाग, मुजरा करून उभी राहिली. महाराज बोलिले, "बाई, उद्यांपासून येथेंच रांधा." तिणें उत्तर केलें, "हुकूम डोक्यावर, महाराज. मी आत्तां येतें, पण माझी भट्टी कशी येणार? नवी बांधली तर महिनाभर वाळली पाहिजे, नाहीं तर फुटते. आणि रोटी तर भट्टींतून निघतांच खावी." महिनाभर राणीसाहेब तगतील हा भरंवसा कोणास नव्हता. तों पडद्याआडून राणीसाहेब बोलिल्या, "मग आम्ही जातों."

दरबार थक्क जाहला. राजकुळानें गड उतरून पेठेंत जेवूं नये, ही चाल पिढ्यानपिढ्यांची. महाराज हळूच बोलिले, "लोक काय म्हणतील? चालीरीत कांहीं आहे कीं नाहीं?" त्यांवर राणीसाहेब बोलिल्या, "महाराज, पोटीं चालीरीत धरली नाहीं, लेंकरूं धरलें आहे." महाराजांनीं पालखी सिद्ध करविली आणि आपण पायींच पालखीबरोबर निघाले.

पेठेंत बातमी आधींच पोहोंचली. बायकांनीं रस्ता झाडिला, रांगोळ्या घातल्या, माणसें माळवदांवर चढलीं, आणि "राणीसाहेब जेवावयास येताहेत!" म्हणोन गजर जाहला. खानावळींत गालिचा अंथरिला. भट्टी धडाडत होती आणि दिलारा खातून लांब फळीवरून रोट्या सरकवीत होती. परंतु राजाचें अन्न आधीं दुसऱ्यानें चाखावें हा नेम, आणि तें काम बहिरोपंतांचें. पंतांनीं नाक मुरडून वांग्याचा लहानसा तुकडा तोंडांत घातला आणि डोळे मिटले. मग दुसरा घेतला. मग रोटी मोडिली, पनीराची तार हातभर ओढिली गेली, तीही बोटास गुंडाळून खाल्ली. मग कबाबाकडे वळले. राणीसाहेब भुकेनें व्याकुळ, बोलिल्या, "पंत, परीक्षा होते आहे कीं जेवण?" पंत घास न सोडितां बोलिले, "बाईसाहेब, विष एखादे वेळीं तळाशीं असतें." तेव्हां महाराज हांसले, पेठ हांसली, आणि कित्येक दिवसांत प्रथमच राणीसाहेब खदखदून हांसल्या आणि ताट आपणांकडे ओढिलें.

आणि जेवल्या. रोटीचा कडक कांठ मोडून दह्यांत बुडविला, वांगें बोटांनीं पुसून खाल्लें, कबाबावर सुमाक मागून मागून घेतला, आणि उमासा आला नाहीं. गालांवर रंग चढला. महाराज खांबापाशीं उभे राहून नुसते पाहात होते, डोळे भरून आले होते. दिलारा खातून कंबरेवर हात ठेवून बोलिली, "महाराज, उभे कां? जेवणाऱ्याचे घास उभ्यानें मोजूं नयेत. बसा, एका ताटांत जेवा." मग महाराज गालिच्यावर बसले आणि राणीसाहेबांनीं आपल्या हातें त्यांस घास दिला, आणि बाहेर लोकांनीं टाळ्या पिटिल्या. मागाहून बकलावा आला, कागदाहून पातळ पापुद्रे, मधें पिस्ते, वर पाक. तो पंतांनीं चाखण्याचे आधींच राणीसाहेबांनीं उचलिला.

निघते वेळीं पेठेच्या बायका ओटी भरावयास पुढें आल्या, आणि दिलारा खातून मागें सरूं लागली. राणीसाहेबांनीं तिचा हात धरिला आणि पदर तिजपुढें पसरून बोलिल्या, "आधीं तुम्ही." तिणें ओटींत डाळिंब, अंजीर आणि आक्रोड घातले, आणि तोंडानें कांहीं बोलिली तें तिच्या भाषेंत. कोणास अर्थ कळला नाहीं, परंतु सर्व बायकांनीं डोळ्यांस पदर लाविला.

तदनंतर पालखी नित्य उतरों लागली. बहिरोपंत पालखीच्या पुढें धांवत. पुढील ज्येष्ठांत राणीसाहेबांस कन्या जाहली, धडधाकट, आवाज ऐसा कीं तोफखान्याचे लोक चपापले.

एवंच, राणीसाहेब गड उतरल्या, पोटभर जेवल्या, आणि लेंक सुखरूप आली. त्या राज्यांत लढाया पुष्कळ जाहल्या, त्यांचीं नांवें लोक विसरले, परंतु त्या दिवशींचें जेवण अद्याप मिटक्या मारीत सांगतात. लिहितां लिहितां लिहिणारासही भूक लागली, सबब लेखणी येथें ठेविली.